गोळी न घेता महालक्ष्म्यांना: एका सासरभेटीचं प्रकरण

नवरा-बायको दोघांच्या परवानगीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सणाच्या तारखा तेवढ्या खऱ्या, कारण त्या पंचांगाच्या आहेत. नावं घेत नाही. या गोष्टीत नात्यांवरूनच माणसं ओळखू येतात.

पार्श्वभूमी

ती मूळची रत्नागिरीकडची, वाढली ठाण्यात. तो अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. डिसेंबर 2021 मध्ये लग्न झालं. दोघंही ठाण्यात राहतात, दोघंही नोकरी करतात. सासरे निवृत्त शिक्षक, सासूबाई 66 वर्षांच्या, गुडघे दुखरे. मोठा दीर आणि जाऊ नागपूरला, नणंद अकोल्याला. एरवी त्या घरात दोनच माणसं असतात. पण भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की घर भरतं आणि जेवणाच्या दिवशी सत्तर पानं उठतात.

कोकणातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. तिकडे जी गौर, ती विदर्भात महालक्ष्मी. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी, मुखवट्याच्या, साड्या नेसवून उभ्या केलेल्या. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात. तिच्या माहेरी गौर म्हणजे पाणवठ्यावरून आणलेला तेरडा. त्यांच्या शेजारच्या एका घरात तर गौरीला मटणाचा नैवेद्य असायचा. सासरी मात्र सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, पुरणपोळी, पुरणाचे दिवे, वर टांगलेला फुलोरा, आणि हे सगळं सोवळ्यात. पहाटे चारला आंघोळ करून ओलेत्याने चूल पेटते ती दुपारी नैवेद्य होईपर्यंत.

तिला या सणाचा कंटाळा नव्हता, हे आधीच नोंदवून ठेवतो. पहिल्या वर्षी ती हरखून गेली होती. माहेरीही पाळीत देवाला हात लावायची रीत नव्हतीच, त्यामुळे सोवळं तिला परकं नव्हतं.

पेच

नक्षत्रांवर बेतलेला सण, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. 2023 मध्ये पूजन 22 सप्टेंबरला होतं, 2024 मध्ये 11 सप्टेंबरला. दोन्ही वर्षी तिची पाळी त्याच आठवड्यात येणार होती आणि दोन्ही वर्षी सासूबाईंचा फोन आधीच आला: "तारीख पाहून घेजो. गोळी घेऊन घेजो."

पाळी पुढे ढकलायची ही गोळी, नॉरएथिस्टेरॉन, घराघरांत माहीत आहे. साधारणपणे 5 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. खरं तर तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, पण सणासुदीला मेडिकलवाला चिठ्ठी मागतोच असं नाही. दोन्ही वर्षं तिने ती आपल्या मनाने आणून घेतली. 2024 ला परतीच्या गाडीत इतका रक्तस्राव झाला की रात्रभर ती बर्थ आणि बाथरूम यांच्यामध्ये फेऱ्या मारत होती. सासरी कोणाला हे कळलं नाही. नवऱ्याला कळलं, पण तो "आता झालंच ना" म्हणून झोपला. हे त्याने माझ्यासमोर स्वतःहून सांगितलं.

मे 2025 मध्ये ती स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. तिच्या आईला एका ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. ते ऐकल्यावर डॉक्टर म्हणाल्या, घरात असा इतिहास असताना ही गोळी आपल्या मनाने अजिबात घ्यायची नाही, आणि सणासाठी तर मी ती लिहूनही देणार नाही.

त्या वर्षी पूजन 1 सप्टेंबरला होतं. तिची तारीखही नेमकी तिथेच. जूनच्या मध्याला सासूबाईंचा तोच फोन आला. त्या रात्री दोघांचं जे भांडण झालं, त्यानंतर ती दोघं सल्ल्यासाठी माझ्याकडे आली.

हातात वेळ कमी होता. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. 29 ऑगस्टच्या रात्रीच्या अमरावती गाडीचं आरक्षण 30 जूनला सकाळी उघडणार होतं. जायचं की नाही, किती जणांनी, हे त्या सकाळपर्यंत ठरायला हवं होतं.

समोर असलेले पर्याय

तिने पहिल्या भेटीतच पाच वाटा सांगितल्या. बाईने विचार भरपूर केला होता.

जायचंच नाही, रजा मिळत नाही म्हणायचं. यावर नवरा म्हणाला, "आई तीन महिने बोलणार नाही." ती म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी काय सांगायचं?"

त्याने एकट्याने जायचं. हा पर्याय त्याला आवडला होता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण तो एकटा गेला की गावात पहिला प्रश्न "सून काहून नाही आली?" हाच असणार, आणि उत्तर द्यायला ती तिथे नसणार.

यंदा शेवटची गोळी. डॉक्टरांच्या बोलण्यानंतर हा बादच होता.

गोळी न घेता जायचं, पाळी आली तर बोलायचंच नाही. माझ्या अनुभवात हा मार्ग पुष्कळ जणी गुपचूप धरतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ती म्हणाली, "त्यांची श्रद्धा आहे. मी लपवून पुरण वाटलं तर घास माझ्याच घशाखाली उतरणार नाही."

पाचवा, आधीच सांगून जायचं. तिला हाच हवा होता. फक्त सांगणार कोण, यावर भांडण अडलं होतं. तो म्हणत होता, बायकांचा विषय आहे, तूच आईशी बोल. ती म्हणत होती, आई तुझी आहे.

इथे मी एक वेगळा प्रश्न विचारला. जेवणाच्या दिवशी पहाटे तिला पाळी आली, तर त्या घरात नेमकं काय अडतं? देव बाटतो वगैरे राहू द्या. काम कोणतं अडतं?

दोघांनी कागदावर मांडलं. सहा किलो डाळीचं पुरण. सोळा भाज्या निवडणं, चिरणं. आंबील, कढी, वडे. सोवळ्यात उभ्या राहणाऱ्या बायका चार: सासूबाई, चुलत सासूबाई, मोठी जाऊ आणि ती. चुलत सासूबाई सत्तरीच्या. सासूबाईंना पंधरा मिनिटांवर उभं राहवत नाही. म्हणजे धडधाकट हात दोनच जणींचे, आणि पुरण गेली दोन वर्षं हिच्याकडे होतं.

कागद बघून तोच म्हणाला, "म्हणजे आईला सोवळ्याची भीती आहे तेवढीच पुरणाची आहे."

मला वाटतं, या प्रकरणातली पहिली खरी हालचाल ती. सोवळ्याचा वाद श्रद्धेचा म्हणून बघितला तर त्यात एक हरतो, एक जिंकतो. कामाचा म्हणून बघितला तर हात मोजता येतात. आणि सोवळं नेसून पुरुषाने स्वयंपाकाला उभं राहू नये असं कोणतंही सोवळं सांगत नाही. त्याच्या आजोबांच्या काळात त्याच घरात नैवेद्याला आचारी असायचा, हे त्याला तेव्हा आठवलं.

काय केलं

पहिला फोन त्याने 22 जूनला केला, एकट्याने, गॅलरीत उभं राहून. "आई, तिला डॉक्टरांनी गोळीची मनाई केली आहे." एवढंच. त्याला वाटलं, डॉक्टरांचं नाव घेतलं की विषय मिटेल.

सासूबाई म्हणाल्या, "कोणत्या डॉक्टरनं? इथच्या मॅडमला विचारू आपण. मोठी अकरा वर्षांपासून घेऊन राहिली, तिले काही झालं नाही."

त्याच्याकडे पुढचं वाक्य नव्हतं. "बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला. त्या "बघतो"चा अर्थ तिकडे "घेईल" असा झाला. तीन दिवसांनी नणंदेचा फोन थेट हिला: वहिनी, आईचं वय झालं आहे, एवढ्यासाठी कशाला ताणता?

दुसरा फोन 29 जूनला, तिकिटाच्या आदल्या संध्याकाळी. या वेळी दोघं शेजारी बसली, स्पीकर लावला, आणि तो काय बोलणार ते आधी ठरवलं होतं. त्याने मला नंतर जसंच्या तसं सांगितलं:

"आई, ती गोळी घेणार नाही. डॉक्टर हो म्हणाल्या असत्या तरी घेणार नव्हती, मागच्या वर्षी तिला फार त्रास झाला आणि मी तुला सांगितलं नाही. आम्ही दोघंही येतो आहोत. त्या दिवशी अडचण आली तर ती स्वयंपाकघरात येणार नाही, तुझं सोवळं मोडणार नाही. तिच्या वाट्याचं पुरण मी करतो."

"तू?"

"हो."

"पुरण?"

मग बराच वेळ काही नाही. मागे टीव्ही चालू होता तेवढा ऐकू येत होता. नंतर फोनवर सासरे आले. ते चार वर्षांत या विषयावर एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले, "तिकीट काढा." आणि फोन ठेवला.

जुलैत त्याने घरी दोनदा पुरण केलं. पहिलं पातळ झालं. डाळीचं पाणी पूर्ण निथळलं नव्हतं, तसाच गूळ घातला होता. दुसऱ्या खेपेला चटका देताना त्यात उलथनं उभं राहिलं. त्याचा फोटो त्याने आईला पाठवला. उत्तर आलं नाही, पण फोटो नणंदेपर्यंत पोचला होता.

मधल्या काळात फोनवर आणखी थोडं ठरलं. पाळी आलीच तर मागच्या अंधाऱ्या खोलीत नाही, माडीवरच्या खोलीत राहायचं. देवघर आणि स्वयंपाकघर सोडून घरात वावरायला हरकत नाही. सासूबाई यावर "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये काय काय बसतं, हे कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

ते दिवस

शनिवारी, 30 तारखेला सकाळी दोघं पोचली. रविवारी आवाहन झालं. कुंकवाच्या पावलांवरून मुखवटे आत आणताना कनिष्ठा तिच्या हातात होती. सोमवारी पहाटे साडेचारला, आंघोळीला जातानाच, पाळी आली.

तिने मोठ्या जाऊबाईंना सांगितलं. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला नाही, काही बोलल्याही नाहीत. कपाटातून सासऱ्यांचा जुना कद काढला आणि मुलाच्या अंगावर टाकला. "आधी आंघोळ कर."

पुढचे चार तास त्या घरात जे चाललं होतं, ते तिला माडीवरून फक्त ऐकू येत होतं. डाळीच्या पातेल्याचा आवाज. "गूळ आत्ता नको, थांब." पुरणयंत्राची कुरकुर. मग मोठ्या दिराचा आवाज, कारण धाकटा कदात उभा दिसल्यावर त्याला पेपर वाचत बसणं जमेना. यंत्र फिरवायला तो बसला. "हात पूर्ण फिरव रे, अर्धा काय फिरवून राहिला?" सासूबाई स्टुलावर बसून दोघांना दटावत होत्या. ती सांगते, त्या आवाजात राग नव्हता. त्या चक्क रंगात आल्या होत्या.

दुपारी बाराच्या सुमाराला तिचा तांब्या संपला. वरून हाक मारली, खालच्या गडबडीत कोणाला ऐकू गेली नाही. ती खाली उतरली आणि बोळातल्या माठातून पाणी घेऊ लागली. चुलत सासूबाई ओरडल्या, "अवं, अवं! माठाले हात नको लावू!" बोळात सात-आठ पाहुणे होते. सगळे वळून बघू लागले. सासूबाई दारात आल्या, म्हणाल्या, "तांब्या ठेवला होता ना तुझा वर?" ती म्हणाली, "संपला, आई." आणि मग पाहुण्यांतलंच कोणीतरी, हसत हसत: "गोळी घेऊन घेतली असती, तर एवढी आफत नसती."

नवरा दोन भिंतींपलीकडे पोळ्या लाटत होता. त्याने हे सगळं ऐकलं आणि तो बाहेर आला नाही.

ती वर गेली. जेवायला खाली आली नाही. नणंद ताट घेऊन वर आली, बराच वेळ बसली, आणि जूनमधल्या फोनबद्दल काही न बोलता उठून गेली. माठ त्या दिवशी रिकामा करून घासला गेला, हे तिला खिडकीतून दिसलं.

संध्याकाळी सासूबाई एकेक पायरी चढत वर आल्या. सोळा पदरांचे दोरे कुठे ठेवलेस, हे विचारायला. ते आदल्या दिवशी हिनेच आवरून ठेवले होते. जागा सांगितल्यावरही त्या खाटेवर बसल्या, गुडघे चोळत. म्हणाल्या, "मोठीले सांगायचं पाणी ठेवायला." थोड्या वेळाने, "पुरण चांगलं झालं. मऊ झालं." आणि उठल्या.

मंगळवारी विसर्जन झालं. सगळ्यांच्या हातात दोरे बांधले गेले. तिचा दोरा सासूबाईंनी हळदीकुंकू लावून कागदाच्या पुडीत घालून दिला, पाचव्या दिवशी न्हाऊन बांध म्हणून. ती पुडी घेऊन दोघं रात्रीच्या गाडीने परतली.

परिणाम

यश की अपयश, असं विचारलं तर मला सांगता येत नाही. गोळी घेतली गेली नाही, सोवळं मोडलं नाही, सत्तर पानं उठली. दुसऱ्या बाजूला, तिचा चारचौघांत अपमान झाला आणि परतल्यावर पंधरा दिवस ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती. राग सासूवर नव्हता. तो का बाहेर आला नाही, यावर होता. त्याचं उत्तर होतं, "मी बाहेर आलो असतो तर तमाशा वाढला असता." ते खरंही असेल. तिचं म्हणणं, "भांडायला कोण सांगत होतं? पाणी आणून दिलं असतंस."

दिवाळीत सासूबाईंचा फोन आला तेव्हा कळलं की गावात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक, धाकट्याने यंदा पुरण केलं. ही त्या कौतुकाने सांगतात. दुसरी, सुनेला डॉक्टरांनी गोळीची मनाई केली. म्हणजे दुसऱ्या फोनवरचं "तरी घेणार नव्हती" हे वाक्य वाटेत कुठेतरी गळलं. तिला ते खुपलं. मी म्हटलं, तुमच्या घरात ते बोललं गेलं आहे. गावाला काय सांगायचं ते त्यांना ठरवू द्या. ती तयार झाली, पण पटून नाही.

मागे वळून पाहताना

पहिला फोन चुकला तो शब्दांमुळे नाही, आडोशामुळे. डॉक्टरांचं कारण खरं होतं, पण तेवढंच पुढे केल्यावर वाद डॉक्टरांवर गेला, आणि डॉक्टर दुसरे मिळतात. "ती घेणार नाही" हे आधी आणि डॉक्टर नंतर, असा क्रम पहिल्याच फोनला हवा होता. शिवाय देण्यासारखं काही हातात नसताना त्याने नकार कळवला. पुरणाची जबाबदारी घेतल्यावर त्याच नकाराचं वजन बदललं.

पाणी राहून गेलं. आम्ही खोली ठरवली, वावर ठरवला, माठ ठरवला नाही. आता अशा भेटीची तयारी करून घेताना मी पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस तासातासाने विचारतो: चहा कोण आणून देणार, पंगतीत कुठे बसणार, फिल्टरला हात लावायचा का, बाथरूम कोणतं. हास्यास्पद वाटतं. पण भांडणं तत्त्वावरून होत नाहीत, तांब्यावरून होतात.

नवऱ्याची आणि तिची एखादी खूण ठरलेली हवी होती. त्याने कामाचा वाटा उचलला आणि आपलं कर्तव्य तिथेच संपलं असं त्याला वाटलं. बोळात त्याने काही बोलायची गरज नव्हती. कदातच बाहेर येऊन, माठाला न शिवता, वरून ओंजळीत पाणी घातलं असतं तरी पाहुण्यांना जे कळायचं ते कळलं असतं.

आणि एक चूक माझी. कागदावर हात मोजताना मी मोठ्या जाऊबाईंचे हात मोजले, त्यांच्या गोळ्या नाही मोजल्या. अकरा वर्षं हा आकडा माझ्यासमोर सासूबाईंच्या युक्तिवादात आला आणि मी तो युक्तिवाद म्हणूनच ऐकला. त्यामागे एक बाई आहे, हे मला सुचलं नाही. परतीच्या आदल्या रात्री जाऊबाई तिला म्हणाल्या होत्या, "तू नाही म्हणून मोकळी झालीस. आता मी नाही म्हटलं तर चुलीजवळ कोण राहील?" ती हे मला सांगायला विसरली होती, किंवा सांगावंसं वाटलं नसेल.

यंदा जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीवर लागल्यावर तिला नागपूरहून फोन आला. जाऊबाईंनी इकडचं तिकडचं विचारलं आणि शेवटी तिच्या डॉक्टरांचा नंबर मागितला. "आईंना सांगू नकोस," म्हणाल्या. "आणि यांनाही नको, इतक्यात."